जादा दिवे लावले, पण वायर कुठून नेली?



दसऱ्याला आपण गाड्या धुतो, झेंडूच्या माळा घालतो, बोनेटला कुंकू लावतो आणि चाकाखाली लिंबू ठेवतो. बॉयलर पेटला, मोळी गव्हाणीत पडली, की पुढचे चार-पाच महिने आपल्या शिवाराला रात्र आणि दिवस सारखेच. फडातून निघालेली गाडी काट्यावर कधी पोहोचेल याला वेळ-काळ राहत नाही. म्हणूनच आज आम्ही ऊस, उतारा, भाव हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवर लिहीत आहोत. ती गोष्ट म्हणजे आपल्या पिकअप गाड्यांवर आणि ट्रॉल्यांवर आपण हौसेने किंवा गरजेने बसवून घेतलेले जादा दिवे, आणि त्या दिव्यांपर्यंत जाणारी वायर.

किरकोळ म्हणालो खरे, पण गेल्या हंगामात जे आम्ही डोळ्यांनी पाहिले, त्यानंतर आम्हांला ती किरकोळ वाटेनाशी झाली आहे.

जानेवारीतली रात्र होती. दोन वाजायला आले असतील. कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याने आपल्याच गटातल्या एका सभासदाची पिकअप एका फडावरून दुसऱ्या फडावर टोळी घेऊन चालली होती. हौद्यात पाच-सहा कोयत्यांची माणसं, त्यांची भांडीकुंडी, गोधड्या, वाढ्यांच्या दोन पेंढ्या आणि अंगाला चिकटून झोपलेली पोरं. (मालवाहू गाडीत माणसं नेऊ नयेत हा कायदा आम्हांला माहीत आहे, तुम्हांलाही माहीत आहे. आणि हंगामात काय चालते तेही दोघांनाही माहीत आहे.) चालकाच्या पायापाशी आधी जळका वास आला, मग धूर. त्याने गाडी बाजूला घ्यायच्या आतच पुढचे दिवे गेले, मागचे गेले, साइडचे इंडिकेटरही गेले. गाडी मिट्ट काळोखात अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. आणि मागून दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर येत होता.

त्या चालकाचे कौतुक करायला हवे. त्याने पान्याने बॅटरीची वायर सोडवली. टोळीतला एक गडी प्रसंगावधान राखून हातातली बॅटरी हलवत मागे धावत गेला. ट्रॅक्टरवाल्याने दाबून ब्रेक मारले. ट्रॅक्टरचे तोंड पिकअपपासून चार हातांवर येऊन थांबले. बायाबापड्या पोरं छातीशी धरून शेतात उतरल्या. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, ‘देवाची कृपा.’ आम्हीही तेच म्हणालो. पण देवाची कृपा दर हंगामाला मागायची आणि आपण आपली वायर तशीच ठेवायची, हे काही बरोबर नाही.

गाडी गॅरेजला आणल्यावर मिस्त्रीने डॅशबोर्डखालचा पत्रा उघडला तेव्हा आम्ही जवळ उभे होतो. काय सापडले ते क्रमाने सांगतो, कारण यातली एखादी तरी गोष्ट आज तुमच्या गाडीत असण्याचा संभव आहे.

पहिले म्हणजे, बंपरवर बसवलेल्या दोन जादा दिव्यांचा करंट कंपनीच्या हेडलाइटच्या वायरमधूनच चोरला होता. वायर सोलली, दुसरी वायर तिला पिळली, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. दुसरे म्हणजे, ती वायर घरात बल्बसाठी वापरतात तसली बारीक होती. तिसरे, इंजिनाकडून केबिनमध्ये येताना ती पत्र्याच्या नुसत्या भोकातून ओढली होती, भोकाला रबरी ग्रोमेट नव्हते. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत वाईट. दिवे लावल्यापासून हेडलाइटचा फ्यूज सारखा उडत होता, म्हणून कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालून ठेवली होती.

पुढे काय झाले असेल ते आता कुणीही सांगेल. गाडी रोज हादरते. पत्र्याच्या धारेने वायरचे प्लॅस्टिक हळूहळू कापले. तांबे पत्र्याला लागले. फ्यूज असता तर तो क्षणात उडाला असता आणि फार तर हेडलाइट गेले असते. पण तिथे तांब्याची तार. तेव्हा फ्यूजऐवजी वायरच जळाली, आणि तिच्या शेजारून जाणारा कंपनीच्या वायरींचा सगळा जुडगाच तिने बरोबर नेला. म्हणून एकदम सगळे दिवे गेले. जादा उजेडासाठी केलेल्या कामाने होता तो उजेडही घालवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

हिशेब साधा आहे

आपण उसाचा, पाण्याचा, खताचा हिशेब करतो. विजेचाही एकदा करून बघू. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. जुन्या पद्धतीचा हॅलोजन बल्ब 55 वॅटचा. दोन बल्बांचे 110 वॅट झाले. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, म्हणजे सुमारे 9 अँपिअर. हा नऊ अँपिअरचा प्रवाह बारीक वायरमधून नेणे म्हणजे दहा अश्वशक्तीच्या मोटारीचे पाणी अर्ध्या इंची पाइपातून काढण्यासारखे आहे. पाणी पुढे जात नाही आणि पाइप फुगतो.

अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर पाच मीटर नेली, तर या दोन दिव्यांसाठी तिच्यात दीड व्होल्टच्या वर वाया जातात. बल्बला साडेदहा व्होल्टसुद्धा धड मिळत नाहीत. व्होल्ट थोडे उतरले तरी हॅलोजनचा उजेड फार उतरतो, इथे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आणि बारा वॅटच्या आसपासची उष्णता वायरच्या अंगात मुरते, तीही चिकटपट्टीने बांधलेल्या जुडग्यात. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान पाव-तीस शतांश व्होल्टावर येते. म्हणजे ज्याने वायरीत पैसे वाचवले, त्याने दिव्याचे पैसेही पाण्यात घातले. ‘दिवे भारीतले घेतले तरी उजेड पडत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या सभासदांनी आधी वायर बघावी.

आता एलईडी पट्ट्या आल्या आहेत. त्या कमी वीज खातात हे खरे. 36 वॅटची पट्टी तीन अँपिअरवर भागते. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, एलईडीला कशाला फ्यूज आणि कशाला जाड वायर? इथेच गल्लत होते. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. डिझेल गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवताना शेकडो अँपिअर देते. वायर पत्र्याला चिकटली, की बॅटरी तेवढेच तिच्यातून ढकलायला बघते. दिवा तीन अँपिअरचा की नऊचा, हे बॅटरी विचारत नाही.

वायर कशी आणि कुठून न्यावी

आम्ही काही इंजिनिअर नव्हे. पण चार चांगल्या मिस्त्रींना विचारून, गाडीखाली स्वतः झोपून जे समजून घेतले ते सांगतो. काम मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण त्याच्या शेजारी उभे राहा आणि एवढे बघा.

करंट थेट बॅटरीच्या अधिक टोकावरून घ्यावा, आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज असावा. फ्यूज पुढे दिव्याजवळ बसवला तर बॅटरी ते फ्यूज ही सारी वायर उघडीच राहिली असे समजा. वर सांगितलेल्या दोन हॅलोजनना 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज उडाला तर दोष शोधावा. मोठा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे राखणदार कुत्रे भुंकते म्हणून त्याला हाकलून देण्यासारखे आहे.

फ्यूजनंतर रिले. हा काड्यापेटीहून लहान डबा असतो. डॅशबोर्डवरचे बटण दाबले, की बारीक करंट रिलेला जातो आणि रिले दिव्यांचा मोठा करंट जोडतो. त्यामुळे जाड वायर केबिनमध्ये आणावीच लागत नाही आणि बटणही जळत नाही. रिलेच्या पायांवर आकडे असतात. 30 वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, 87 वरून दिव्याकडे, आणि 85, 86 पैकी एकावर बटणाची व दुसऱ्यावर अर्थिंगची. एवढे चार आकडे ध्यानात ठेवले तर कुणी तुम्हांला फसवणार नाही. पुढच्या जादा दिव्यांच्या बटणाचा करंट अप्परच्या वायरवरून घ्यायला सांगा. म्हणजे समोरून गाडी आली आणि तुम्ही डिपर दिला, की जादा दिवेही आपोआप विझतील. मात्र एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत पुष्कळसे काम कंपनीच्या कंट्रोलरवरून चालते. तिथे कोणतीही वायर सोलण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे.

पत्र्यातून वायर जाईल तिथे ग्रोमेट हवेच. शक्यतो कंपनीच्या वायरी जिथून जातात त्याच भोकातून न्यावी, नवे भोक पाडू नये. टपावर दिवे लावणाऱ्यांनी भोकाच्या आधी वायरला खाली एक झोका द्यावा. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळून त्या झोक्यावरून खाली गळते, भोकातून आत शिरत नाही.

मागे हौद्यावर उजेडासाठी किंवा रिव्हर्ससाठी दिवा न्यायचा असेल, तर वायर चॅसीच्या आतल्या बाजूने, कंपनीच्या वायरींच्या सोबतीने न्यावी. सायलेन्सर ज्या अंगाला असेल त्याच्या दुसऱ्या अंगाने न्यावी. बीएस-सहा डिझेल गाडीत धूर गाळणारा डबा स्वतःला साफ करताना आतून 600 अंशांच्या आसपास तापतो. त्याच्याजवळ कसलेही प्लॅस्टिक टिकणार नाही. (आणि त्याच कारणासाठी अशी गाडी वाळलेल्या पाचटात चालू ठेवून उभी करू नये, हेही जाता जाता सांगतो.) डिझेलच्या नळीला आणि ब्रेकच्या पाइपाला वायर कधीही बांधू नये. तसे बांधणे सोपे असते म्हणूनच ते हमखास केलेले आढळते. फिरणारा शाफ्ट आणि वरखाली होणारे पाटे यांच्यापासून वायर दूर हवी.

वायरला नळीदार पाइप घालावा आणि फूटभर अंतरावर केबल टाय मारावी. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये मात्र वायर ताणून बांधू नये. खड्ड्यातून जाताना केबिन एकीकडे झुकते, हौदा दुसरीकडे. तिथे बोटभर सैल ठेवली नाही तर वायर तुटते, आणि तुटते तीही नेमकी रात्री, भरल्या गाडीत. जोड पिळून करू नयेत. थिंबल दाबून किंवा डाग देऊन करावेत, वर स्लीव्ह चढवावी. घरातली एकतारी वायर तर गाडीत नकोच. हादऱ्याने ती आतल्या आत मोडते आणि वरून दिसतही नाही.

शेवटचे अर्थिंग. रंगावर बोल्ट आवळला तर अर्थिंग होत नाही. रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.

ट्रॉलीचे मागचे अंग

पिकअपमुळे विषय निघाला, पण आमच्या मनात जास्त भीती आहे ती ट्रॉलीची. पिकअपला निदान मागे कंपनीचे लाल दिवे असतात. आपल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे काय असते? एक फुटका लाल होल्डर, एक लोंबणारी वायर, आणि दोन-तीन फूट बाहेर आलेला ऊस, ज्यामागे असलेला दिवाही झाकून जातो.

साठच्या वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे 17 मीटर धावते. समोर काही आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर गेले. पुढे थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस. म्हणजे पन्नास मीटरच्या आत जे दिसेल ते चुकवणे नशिबावर. आणि डिपरच्या उजेडात मातीने माखलेला ट्रॉलीचा फाळका पुष्कळदा तीस-चाळीस मीटरवर आल्याशिवाय उमगत नाही. आता सांगा, चूक मोटारसायकलवाल्याची की आपली? तो मोटारसायकलवाला म्हणजे कॉलेजातून, शिफ्टवरून, लग्नाहून परतणारा आपल्याच गावचा पोरगा असतो.

ट्रॉलीच्या वायरिंगची एक खोड आहे. ट्रॅक्टर ते ट्रॉली करंट वायरीतून येतो, पण परत कुठून जातो? अर्थिंगची वेगळी वायर नसेल तर तो हुकाच्या पिनेतून जातो. ती पिन ग्रीस आणि मातीने भरलेली, सारखी खडखडणारी. म्हणून दिवे लुकलुकतात, मंद जळतात. ओळखायची खूण सांगतो. उजवा इंडिकेटर दिला आणि मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मिचकावू लागला, किंवा ब्रेक दाबताच सगळे मंद झाले, तर अर्थिंग गेले म्हणून समजावे. सात पिनांचे सॉकेट लावले तर त्यात अर्थिंगची स्वतंत्र पिन असते. पुढच्या ट्रॉलीपासून मागच्या ट्रॉलीपर्यंतही तसेच सॉकेट हवे. दोन ट्रॉल्यांमध्ये सुतळीने बांधलेली वायर नको. आणि दिवा उसाच्या मोळ्यांमागे दडणार नाही इतका खाली आणि बाहेर हवा.

जादा उजेड म्हणजे जादा सुरक्षा नव्हे

काही तरुण सभासदांच्या पिकअपवर आम्ही पुढे सहा-सहा पांढरे दिवे पाहिले. समोरून येणाऱ्या बैलगाडीवानाचे डोळे दिपतात, बैल बुजतात, आणि बाजूने चालणारा माणूस त्या झगमगाटात दिसतच नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या दिव्यांनी 155 मीटरवरचे दिसावे अशी अपेक्षा आहे. त्याच नियमांत पुढे लाल दिवा आणि मागे लाल सोडून भलताच दिवा दाखवायला मनाई आहे, ठरवून दिलेले अपवाद सोडून. तरीही मागे पांढरा फोकस लावून हमरस्त्याने जाणाऱ्या गाड्या आपल्या गेटवर रोज येतात. फडात भरताना तो फोकस लागतो, ते मान्य. पण रस्त्यावर आल्यावर तो बंद करायला बटण दाबावे लागते, एवढेच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते, हेही लक्षात असू द्या. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा त्याची नजर आधी अशाच गोष्टींवर जाते.

‘गाडी वाहतूकदाराची, आम्हांला काय त्याचे?’

हा मजकूर लिहिण्याआधी आम्ही काही सभासदांशी बोललो. तिघांची तीन मते पडली.

एक म्हणाले, ‘दहा वर्षं अशीच वायर आहे, काही झालं नाही.’ त्या पिकअपच्या मालकालाही पहिल्या दिवशी काही झाले नव्हते. पत्र्याची धार वायर कापायला वेळ घेते.

दुसरे म्हणाले, ‘खर्च कोण करणार?’ रास्त प्रश्न आहे. शेतकऱ्याला सगळेच सल्ला देतात, पैसे कुणी देत नाही. पण फ्यूज, रिले, जाड वायर, पाइप, सॉकेट यांचा एका गाडीचा खर्च एक टन उसाच्या बिलात बसतो. एका रात्री जळालेली वायरिंग बदलायला त्याच्या कितीतरी पट लागतात, आणि गाडी ऐन हंगामात आठ दिवस उभी राहते ते वेगळेच.

तिसरे म्हणाले, ‘वाहतूकदाराशी करार कारखान्याचा. गाडी त्याची, चालक त्याचा. सभासदाचा संबंध काय?’ या प्रश्नाला आम्ही जरा सविस्तर उत्तर देतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च कुठून निघतो? आपल्या उसाच्या बिलातून. एफआरपी ठरते, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, उरते ते आपल्या खात्यावर जमा होते. म्हणजे त्या गाडीचे भाडे आपण प्रत्येकाने भरलेले असते. ज्याचे भाडे आपण भरतो त्या गाडीला मागे दिवा आहे की नाही हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि न विचारल्यास थोडी जबाबदारीही आपल्याकडे येते. आमच्या मते थोडी नव्हे, बरीच येते.

आता कारखान्याच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द. हे पत्रक कारखान्याचे असले तरी सभासदांच्या पैशावर निघते, म्हणून बोलतो. दर हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याचा कार्यक्रम होतो. पाहुणे येतात, फोटो निघतात. उपक्रम चांगला आहे, त्याला नावे ठेवत नाही. पण आठवड्याभरात त्या पट्टीवर चिखल बसतो, आणि महिन्याने ती ट्रॉलीवर आहे की नाही हे कुणी बघत नाही. पट्टी दुसऱ्याच्या उजेडावर चमकते, दिवा स्वतःच्या. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. बैलगाडीला मात्र पट्टीच लागते, तिथे ती पुसलेली आणि जागेवर असणे हे तर प्राणाइतके महत्त्वाचे.

शिवाय, वाहन घाईत का असते याचाही विचार व्हावा. यार्डात चोवीस-चोवीस तास नंबर लागत नाही. चालक जागरणाने अर्धमेला होतो आणि एक खेप जास्त मारण्यासाठी अंधारात गाडी दामटतो. त्याच्याकडून ‘थांब, दिवा बघून निघ’ अशी अपेक्षा धरायची तर त्याला थांबायला वेळही द्यायला हवा.

आमच्या सूचना

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही पुढील गोष्टी मांडणार आहोत. सभासदांनी त्यांवर विचार करून यावे.

हंगामाआधी पंधरा दिवस कारखान्याच्या वाहन विभागात तपासणी ठेवावी. करारातली प्रत्येक ट्रॉली, ट्रक आणि सभासदांची स्वतःची पिकअप तिथे मोफत बघितली जावी. फ्यूज, रिले, अर्थिंग, वायरची वाट आणि मागचा लाल दिवा एवढे पाच मुद्दे पुरेत. सामान कारखान्याने घाऊक घेऊन मूळ भावात द्यावे आणि रक्कम बिलातून हप्त्याने कापावी. ऊस बियाणे आणि खताला हे करता येते तर वायरीला का नाही?

हंगाम चालू असताना काट्यावर वजन होताना एकाने मागे जाऊन दिवा बघावा. दिवा नसेल तर ऊस परत पाठवू नये, त्यात शेतकऱ्याचे नुकसान आहे. ऊस घ्यावा, पण रिकामी ट्रॉली गेटबाहेर सोडण्याआधी दिवा करून द्यावा. त्यासाठी गेटजवळ एक वायरमन रात्रपाळीला बसवला तरी काम भागेल.

आणि गावोगावच्या आयटीआय शिकलेल्या आपल्या मुलांना या कामात घ्यावे. घरचा पोरगा वायरिंग शिकून शहरात नोकरी शोधत फिरतो आणि आपल्या गाडीची वायर कुणीतरी रस्त्याकडेला चिकटपट्टीने गुंडाळतो, हे बरे दिसत नाही.

सभासदांनी घरी करायचे काम तर आजचेच आहे. आज संध्याकाळी अंधार पडला की गाडी अंगणात उभी करा. सगळे दिवे लावा. घरातल्या कुणाला तरी ब्रेकवर बसवा आणि स्वतः मागे पन्नास पावले चालत जा. तिथून वळून आपली गाडी बघा. मग बोनेट उघडून जादा दिव्याच्या वायरचे टोक हाताने धरा आणि ती कुठून कुठे जाते ते शेवटपर्यंत माग काढत जा. जिथे ती नागडी दिसेल, जिथे पत्र्याला घासत असेल, जिथे फ्यूजच्या जागी तार दिसेल, तिथे थांबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री गाठा.

आमच्या वडिलांच्या पिढीने बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगून ऊस घातला. त्या कंदिलाचा उजेड फार पडत नव्हता. पण गाडी जुंपण्याआधी ते त्याची काच पुसत, वात कापत आणि तेल बघत. आपल्याकडे आता तेलवात नाही, तिच्या जागी ही वायर आहे. तेवढी निगा तिचीही राखावी, एवढेच आमचे मागणे.

जानेवारीतल्या त्या रात्री हौद्यात झोपलेली पोरं या हंगामातही कोणत्या ना कोणत्या गाडीत असतील. ती गाडी तुमचीही असू शकेल.